रोड किंगला कॅम: ४७५, ५५० की आहे तेच बरं?

मुलुंडकर_४५

नमस्कार मंडळी. हा धागा काढायला दोन महिने टाळाटाळ केली, पण आता बोनसचे पैसे खिशात वळवळायला लागलेत म्हणून विचारूनच टाकतो.

गाडी हार्लीची २०१७ची रोड किंग, इंजिन मिल्वॉकी-एट १०७ (घनइंच), म्हणजे १,७४५ सीसी. सेकंडहँड घेतली, आता ३१ हजार किमी झालेत. आधीच्या मालकाने सायलेन्सर आणि एअर क्लीनर बदलून मॅप (गाडीच्या कॉम्प्युटरमधलं पेट्रोल-ठिणगीचं गणित) करून घेतला होता, म्हणजे स्टेज १ झालेलं आहे. आता डोक्यात कॅमचा, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या उंचवटेवाल्या दांड्याचा, किडा शिरलाय.

वापर असा: ऑफिसला लोकल. रविवारी पहाटे गाडी बाहेर, नाश्ता करून अकराच्या आत घरी. वर्षातून दोनदा गुहागर, एकदा नाशिकमार्गे लांब कुठेतरी. बहुतेक वेळा मागे बायको आणि दोन्ही पेट्या भरलेल्या. गाडी पावणेचारशे किलोच्या आसपास, मी नव्वद, बायकोचं वजन इथे लिहिलं तर घरात घेणार नाही.

तक्रार एवढीच की कसाऱ्याच्या घाटात ट्रकच्या मागे अडकलो आणि पुढे मोकळं मिळालं, की पाचव्या गिअरमध्ये गाडी विचार करत बसते. एवढं मोठं इंजिन, आणि गिअर पाडल्याशिवाय हलायचं नाही?

अमेरिकन व्हिडिओंमध्ये जो तो एस अँड एस या कॅमवाल्या कंपनीचा ५५० टाकतोय. काही जण ४७५ म्हणतात. हार्लीचा स्वतःचा स्टेज २ टॉर्क कॅमही आहे. अनुभवी लोकांनी मार्गदर्शन करावं.

चहाबिस्कीट

वहिनींचं वजन न लिहून हुशारी केलीत. कॅममधलं मला ओ की ठो कळत नाही, पण पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

आडवाटेचा_राजा

५५०. डोळे झाकून. माझ्या ११४ मध्ये (मिल्वॉकी-एटच, जरा मोठं) टाकलाय. साडेतीन हजाराच्या पुढे गाडी अशी सुटते की पोटात गोळा येतो. आणि आयडलिंगचा आवाज! सिग्नलला उभा राहिलो की बाजूचा रिक्षावाला मान वळवतो. ४७५ घेतलात तर सहा महिन्यांनी पुन्हा इंजिन उघडाल, लिहून ठेवा.

नटबोल्ट

राजे, ५५० ला व्हॉल्व्ह स्प्रिंग बदलले का तुम्ही? ते सांगायचं राहिलं बहुतेक.

आडवाटेचा_राजा

बदलले की. ते तर करावंच लागतं.

नटबोल्ट

मग ते आधी सांगा ना भाऊ. समोरचा माणूस कॅमचे पैसे धरून बसलाय, तुम्ही त्याला हेड उघडायला लावताय.

मुलुंडकर, हे ४७५, ५५० म्हणजे लिफ्ट, इंचाचे हजारावे भाग. ४७५ म्हणजे ०.४७५ इंच, व्हॉल्व्ह साधारण १२ मिमी उघडतो. ५५० ला १४ मिमीला जरासा कमी. तुमच्या इंजिनचे कंपनीचे स्प्रिंग ४७५ ला चालतात, ५५० ला नाही. बाकी उद्या लिहितो, गॅरेजमध्ये गिऱ्हाईक उभं आहे.

गोदीकाका

चर्चा लिफ्टवर चालली आहे म्हणून मध्ये पडतो. मी हार्ली चालवत नाही, चालवणारही नाही, गुडघे गेले. पण आयुष्य जहाजाच्या इंजिनांत गेलं आणि कॅम तिथेही कॅमच असतो.

लिफ्टचा आकडा नावात असतो म्हणून सगळे त्यालाच धरून बसतात. तुमच्या तक्रारीशी खरा संबंध आहे तो इनटेक व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आत घेणारा, बंद कधी होतो याचा. कॅमबरोबर जो कागद येतो त्यावर 'इनटेक क्लोज' असा आकडा असतो, पिस्टन तळाला पोचून परत फिरल्यानंतर किती अंशांनी, असा.

पिस्टन तळाशी गेला, हवा-पेट्रोल आत आलं. आता तो वर निघाला, पण व्हॉल्व्ह अजून उघडाच आहे. इंजिन पाच हजारावर फिरत असेल तर आत येणाऱ्या हवेला एवढा वेग असतो की पिस्टन वर येत असतानाही ती आत घुसतच राहते. म्हणून उशिरा बंद होणारा कॅम वरच्या आरपीएमला जास्त भरतो. पण इंजिन दोन हजारावर असेल तर हवेत तो जोर नसतो. पिस्टन वर येतो आणि आत घेतलेलं मिश्रण उलटं बाहेर ढकलतो. घेतला घास ताटात परत.

तुमच्या इंजिनचा बोअर (सिलिंडरचा व्यास) १०० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) १११ मिमी. कनेक्टिंग रॉडची लांबी ढोबळ धरून मी हिशेब मांडला. व्हॉल्व्ह ३० अंशांवर बंद झाला तर तोपर्यंत पिस्टन तळापासून पाच-साडेपाच मिमी वर आलेला असतो. ५० अंशांवर बंद झाला तर पंधरा मिमी. म्हणजे १११ मधले पंधरा फुकट. कागदावर तुमचं कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं ते, १० ला १. पहिल्या कॅमने प्रत्यक्षात ते साडेनऊच्या घरात राहतं, दुसऱ्याने पावणेनऊवर येतं. इंजिन तेच, पिस्टन तेच, हेड तेच.

आता तुम्हीच सांगा, कसाऱ्याच्या घाटात पाचव्या गिअरमध्ये तुमचा आरपीएमचा काटा कुठे असतो?

एक खबरदारी. हार्लीच्या जगात हे अंश बहुधा ०.०५३ इंच लिफ्टला मोजतात, पण सगळेच तसं करत नाहीत. दोन कंपन्यांचे कागद शेजारी ठेवताना मोजमाप एकच आहे ना ते बघा, नाहीतर रत्नागिरीचा आंबा आणि कर्नाटकचा आंबा एकाच भावात जोखाल.

मुलुंडकर_४५

काका, साष्टांग. दोन महिने व्हिडिओ पाहून जे कळलं नाही ते दहा ओळींत कळलं.

घाटात काटा दोन हजार ते अडीच हजार. सपाटीला सहाव्यात १०० च्या वेगाला सव्वादोन हजाराच्या आसपास. चार हजार मी वर्षातून किती वेळा बघतो हे मोजायला एका हाताची बोटं पुरतील.

सीमोल्लंघन

+१ काकांना. आणि मुंबईकर चार हजार बघणार तरी कुठे? सी लिंकवर दुचाकीला बंदी. कोस्टल रोडवर बंदी. ईस्टर्न फ्रीवेवर बंदी. अटल सेतूवर बंदी. पुण्याच्या एक्स्प्रेसवेवर बंदी. समृद्धीवर बंदी. पावणेदोन लिटरचं इंजिन घेऊन आपण जुन्या पुणे रस्त्यावर एसटीच्या मागे. मी हार्लीचीच स्ट्रीट ग्लाइड चालवते, पाच वर्षं झाली, माझं अर्धं आयुष्य दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये भांडुप ते ठाणे गेलंय.

पण राजे म्हणतात त्यालाही अर्थ आहे. ते रात्री दोनला निघून सुरतेला चहा प्यायला जाणारे गृहस्थ आहेत. त्यांचा काटा तिथेच असतो.

आडवाटेचा_राजा

ताई, सुरत नाही, भरूच :) आणि चहा नाही, शेंगदाणे.

काकांचा हिशेब मान्य. पण एक बाजू राहिली. मिल्वॉकी-एटला प्रत्येक हेडमध्ये चार व्हॉल्व्ह आहेत, हार्लीच्या जुन्या ट्विन कॅम इंजिनला दोनच होते. श्वास मोकळा असल्यामुळे मोठा कॅम टाकूनही खालची ओढ ट्विन कॅमइतकी मरत नाही. माझी ११४ आहे, कॉम्प्रेशनही थोडं जास्त, १०.५. मला खाली फरक जाणवतो, पण रडावं इतका नाही.

गोदीकाका

मान्य. १०७ आणि ११४ चा फरक तुम्ही स्वतःच सांगितलात ते बरं झालं.

पावसाळी_बेडूक

मध्येच घुसतो, माफी. माझी हार्लीची २०१०ची सुपर ग्लाइड, ट्विन कॅम ९६. हे सगळं मलाही लागू का? कंपनीचा २५५ कॅम चांगला असं ऐकलंय.

नटबोल्ट

लागू. फक्त तुमच्यात दोन कॅम, जोडीने घ्यायचे. मिल्वॉकी-एटमध्ये एकच. २५५ हा लवकर बंद होणाऱ्यातला, खालून जबरदस्त ओढतो, चार-साडेचार हजाराला दम संपतो. मात्र त्याला पेट्रोल चांगलं लागतं, नाहीतर उन्हाळ्यात ठोकेल, म्हणजे आतलं मिश्रण भलत्या वेळी आपोआप पेटेल. उघडाल तेव्हा कॅम फिरवणारी चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरचे शू बघा. तुमच्यात हायड्रॉलिक टेन्शनर आहेत, जुन्या स्प्रिंगवाल्यांपेक्षा बरे, पण बघायचेच. आणि आतलं बेअरिंग बदलून टाका, आहे तेच परत बसवू नका.

चेनऐवजी गिअर ड्राइव्हच्या नादी कोणी लावलं तर आधी डायल लावून क्रँकचा रनआउट, म्हणजे फिरताना तो किती डोलतो ते, मोजा. चेन थोडं सहन करते, गिअर करत नाही.

मुलुंडकर, आता तुमचं. कॅमचा डबा हातात आला म्हणजे झालं असं नाही. कॅमची उचल वर व्हॉल्व्हपर्यंत नेणारे दांडे म्हणजे पुशरॉड. पुशरॉड अ‍ॅडजस्टेबल घ्या. जुने पुशरॉड काढायला एरवी वरचे रॉकर बॉक्स उघडायला लागतात, टाकी उचलायला लागते. अ‍ॅडजस्टेबल घेतले की जुने सरळ कटरने कापून बाहेर. कापताना बुरा आत जाऊ द्यायचा नाही, कापड कोंबायचं. लिफ्टर (कॅम आणि पुशरॉडमधले तेल भरलेले तुकडे) ३१ हजार चाललेत, नवे टाका. आतलं नीडल बेअरिंग नवं. गॅस्केटचा सेट. आणि उघडलंच आहे तर तेलाचा पंप नीट बघून घ्या, पुढच्या वर्षांत कंपनीने त्याची रचना बदलली. बाकी सामानाचा खर्च कॅमच्या बरोबरीने धरा, मग मजुरी, मग मॅप. कस्टम्सचं वेगळं.

सीमोल्लंघन

पेट्रोलचा विषय निघालाच आहे तर लिहिते, कारण इथे भलेभले फसतात.

गाडीच्या पुस्तकात '९१ ऑक्टेन' लिहिलेलं असतं. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची न ठोकण्याची ताकद. आपल्याकडे साधं पेट्रोल बरीच वर्षं ९१ चं होतं. लोक म्हणतात, जमलं की. नाही जमलं. अमेरिकेचा ९१ हा दोन पद्धतींच्या मोजणीची सरासरी आहे, आपला ९१ एकाच पद्धतीचा, रॉनचा (रिसर्च ऑक्टेन नंबर). त्यांचा ९१ म्हणजे आपला ९५. म्हणजे कॅमला हात न लावताही या गाडीला ९५ च हवं. एक्सपी९५ किंवा स्पीड ९७ मिळेल तिथे भरायचं. एक्सपी१०० २०२० पासून आहे, पण रोज भरलं तर घर विकावं लागेल.

दुसरं म्हणजे मिल्वॉकी-एटला नॉक सेन्सर आहेत. जुन्या गाड्यांसारखं वाळूचे खडे हलवल्यासारखं ठोकणं कानाला ऐकू येईलच असं नाही. कॉम्प्युटर गुपचूप ठिणगीचं टायमिंग मागे घेतो. तुम्ही टॉर्कसाठी लवकर बंद होणारा कॅम टाकणार, सिलिंडरमधला दाब वाढणार, कमी ऑक्टेनचं पेट्रोल भरणार, टायमिंग मागे जाणार आणि टॉर्क होता तिथे परत. पैसे खर्च करून शून्य. मग आपण कॅमला शिव्या घालणार.

तिसरं, ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन शंभराच्या वर असतो, त्यामुळे ठोकण्याच्या बाबतीत त्याचा त्रास नाही. पण त्याला हवेच्या प्रमाणात पेट्रोल जास्त लागतं. अमेरिकेत दहा टक्के इथेनॉल धरून बनवलेला मॅप इथे जसाच्या तसा चढवला तर गाडी लीन चालते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. लीन म्हणजे तापते. आणि मे महिन्यात सायन सर्कलला आणखी तापायची सोय देवाने आधीच करून ठेवलेली आहे.

चहाबिस्कीट

ताई, हे ९१ चं ९५ प्रकरण माहीतच नव्हतं. पॉपकॉर्न खाली ठेवलं. वाचनखूण साठवली.

लडाख_ऑगस्ट

माझा अर्धा आणा. वर जाणार असाल तरी लवकर बंद होणाराच कॅम बरा. लेह ३,५०० मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब मुंबईच्या दोन-तृतीयांश. आधीच आत कमी येतं, त्यातलं परत बाहेर ढकलायची चैन परवडत नाही.

मुलुंडकर_४५

ठरलं. ५५० बाद. काकांच्या सांगण्यावरून कंपनीचा टॉर्क कॅम आणि ४७५, दोन्हींचे कागद शेजारी ठेवून रात्री एकपर्यंत बसलो. बायकोने विचारलं, कसली कुंडली जुळवताय? गुण जास्त ४७५ चे जुळले, म्हणजे माझ्या वापराला. शिवाय स्प्रिंगला हात लावायला नको. ऑर्डर करतोय.

राजे, सहा महिन्यांनी उघडायला लागलं तर तुमच्याकडून भरूचचे शेंगदाणे घेईन.

आडवाटेचा_राजा

खारे की मसाला?

मुलुंडकर_४५

सात आठवड्यांनी परत आलोय. वृत्तांत देणं लागतो.

सामान कस्टम्समधून सुटायला जेवढा वेळ गेला तेवढ्यात मी घाट चालत चढलो असतो. ते असो. काम कुर्ल्याच्या एका गॅरेजात केलं, दोन दिवस रजा काढून शेजारी स्टुलावर बसून राहिलो. जुलै महिना, बाहेर धो धो, आत पंखा गरम हवा फिरवतोय.

कॅमचं झाकण उघडलं, जुना कॅम बाहेर आला, हातात घेतला. एवढीशी वस्तू! पोळपाटावरच्या लाटण्याहून आखूड. मनगटाएवढ्या त्या दांड्यावर चार उंचवटे, आणि त्यातल्या मिलिमीटरभराच्या फरकासाठी मी दोन महिने झोपलो नव्हतो. नवा शेजारी ठेवला तर आधी डोळ्याला फरकच दिसेना. मिस्त्रीने लोबवरून, म्हणजे उंचवट्यावरून, अंगठा फिरवायला सांगितला. टोकाचा उतार जरा भरलेला लागतो, बस.

सर्वांत जास्त शिकलो ते पुशरॉड लावताना. मिस्त्रीने एका सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनला वर आणला, पुशरॉड ढिलेपणा जाईपर्यंत लांब केला, मग कागदावर लिहिलेले तेवढे फेरे दिले आणि हात पुसून चहा मागवला. मी म्हटलं, पुढचा? म्हणाला, थांबा साहेब, लिफ्टरमधलं तेल निघू दे. आत्ता इंजिन फिरवलं तर व्हॉल्व्ह पूर्ण बंद झालेला नसतो, पिस्टन येऊन आपटेल. पंधरा मिनिटांनी पुशरॉड दोन बोटांत धरून फिरवून बघितला. नाही फिरला. आणखी एक चहा. पुन्हा बघितलं, हलकासा फिरला, उदबत्ती बोटांत फिरवावी तसा. मग मान हलवली आणि दुसऱ्या सिलिंडरकडे वळला. दिवसभरात सात चहा झाले.

पहिल्यांदा चालू केली तेव्हा वीसेक सेकंद अशी टकटक की माझा चेहरा पांढरा. लिफ्टरमध्ये तेल भरलं आणि आवाज बसला.

आता गोची. मॅप एका ट्यूनरकडून करून घेतला, नाव लिहीत नाही. त्याने कॅमबरोबर बाहेर फिरणारी तयार फाइल चढवून हात झटकले. सीमोल्लंघन ताईंनी सांगितलं होतं अगदी तेच झालं. तिसऱ्या दिवशी सायनला वीस मिनिटं अडकलो, गाडी एवढी तापली की उभ्या उभ्या मागचं सिलिंडर आपोआप बंद व्हायला लागलं. कंपनीने इंजिन जपायला ती सोय दिलेली आहे हे माहीत होतं, पण दर सिग्नलला? थ्रॉटल हळूच सोडला की सायलेन्सरमधून फटफट. उजव्या मांडीवर पोळी भाजली असती. शेवटी दुसऱ्याकडे गेलो. त्याने इथलंच पेट्रोल भरून, ठाणे-नाशिक रस्त्यावर दोनदा चालवून, रेकॉर्डिंग बघून बघून मॅप बसवला. त्यानंतर शांत.

गेल्या रविवारी कसारा. पाऊस थांबलेला, बायको मागे, पेट्या भरलेल्या, टाकीत ९५. शेवटच्या चढाला कंटेनरच्या मागे ५० वर आलो होतो. पाचवा गिअर मुद्दाम तसाच ठेवला. मोकळं मिळालं, मनगट वळवलं. उडाली वगैरे काही नाही. पण मागून कोणीतरी तळहात टेकवून ढकलावं तशी निघाली आणि कंटेनर आरशात गेला. बायको म्हणाली, एवढ्यासाठी?

वरच्या आरपीएमला फरक थोडाच आहे. आयडलिंगचा आवाज जरासा भरदार झालाय, रिक्षावाले मान वळवत नाहीत. मायलेज अजून मोजलं नाही. खर्च विचारू नका, बायको हा धागा वाचते.

गोदीकाका

उदबत्तीची उपमा आवडली. आम्ही बोटीवर फीलर गेज घालून बघायचो, त्यातही चहा असायचाच. पाचशे किलोमीटर झाले की तेल बदला, फिल्टर कापून आतला कागद उजेडात धरून बघा. चकाकी दिसली तर इथे येऊन सांगा.

नटबोल्ट

पुशरॉडचे लॉकनट पण एकदा तपासून घ्या. बाकी काम चोख झालंय.

पावसाळी_बेडूक

मुलुंडकर, तो दुसरा ट्यूनर कोण ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा प्लीज. माझे दोन कॅम साहारला येऊन पडलेत.

मुलुंडकर_४५

केला.

आडवाटेचा_राजा

शनिवारी रात्री दोन वाजता घोडबंदरचं टोक, फाउंटनपाशी. ४७५ विरुद्ध ५५०. शेंगदाणे माझ्याकडून.

मुलुंडकर_४५

रात्री दोनला? रविवारी सकाळी सातला या, मिसळ माझ्याकडून.